ईटा टोबिनच्या दारावरून जाणाऱ्या सायकली

ईटा टोबिनचा जन्म रेल्वे फाटकाच्या घरातला. डंगार्वन शहरापासून पाच मैलांवर, जिथे रूळ समुद्राची कड सोडून डोंगराकडे चढायला लागायचे, तिथे एक आडवा रस्ता त्यांना ओलांडून किनाऱ्यावर उतरायचा. तिथे दोन पांढरी फाटकं आणि त्यांना लागून दोन खोल्यांचं बुटकं घर. बाप रूळ सांभाळणाऱ्या टोळीत, आई फाटकवाली. घर त्या कामापोटी मिळालेलं. आईचे गुडघे धरले की फाटकं लावायचं काम ईटाकडे येई, आणि ती बारा वर्षांची झाल्यापासून आईचे गुडघे बहुतेक रोजच धरलेले असत.

ते काम तिला आवडायचं. कुणाजवळ ती कधी तसं बोलली नाही, पण आवडायचं. फाटक लागलं की सगळ्यांना थांबावं लागे. दुधाचे कॅन नेणारे शेतकरी थांबत, मोटारीतले फादर थांबत, एकदा तर प्रेतयात्रा थांबली होती. आणि थांबलेल्या माणसाला बोलल्यावाचून राहवत नाही. आई कशी आहे, भावाचं पत्र आलं का, अमक्याची गाय व्याली, तमक्याची पोरगी पळाली. त्या पाच मिनिटांत सगळ्या गावाची खबर तिच्या दारात येऊन पडायची.

भाऊ दोघे. थोरला कॉव्हेंट्रीला मोटारींच्या कारखान्यात गेला, धाकटा बॉस्टनला. ईटा राहिली. कुणीतरी राहायलाच हवं होतं, आणि ते कुणी राहायचं हे विचारायची कुणाला गरज वाटली नाही. ती सोळा वर्षांची असताना उतारूंची गाडी बंद झाली. मालगाडी आणखी पंधरा वर्षं चालली, मग तीही थांबली. रेल्वेच्या माणसांनी येऊन फाटकांना उघड्या अवस्थेत साखळ्या घातल्या, घर मात्र टोबिनांकडेच राहू दिलं. ईटाने किनाऱ्यावरच्या हॉटेलात धुण्याच्या खोलीत नोकरी धरली. चादरी आणि टॉवेल, चौतीस वर्षं. आई त्यातली वीस वर्षं जगली, शेवटची सहा अंथरुणात. भाऊ आईच्या मातीला आले, तीन दिवस राहिले, आणि जाताना दोघांनीही ईटाला वेगवेगळं गाठून एकच सांगितलं, की आता तू तुझं आयुष्य जग. कसं, ते काही सांगितलं नाही.

पुढे रूळ उचलून नेले, तेव्हा घरापुढे खडीची लांबच लांब पट्टी उरली. ईटा हॉटेलातून येताना किनाऱ्यावर वाहून आलेलं शेवाळ ढकलगाडीत भरून आणायची आणि त्या खडीवर पसरायची. शेजारचा मॉसी पॉवर कुंपणावर कोपरं टेकून बघत राहायचा. चाळीस गाई आणि तो, एवढाच त्याचा संसार.

"दगडांना खत घालतेस होय?"

"तुझ्या डोक्याला घालून काही उगवलं नसतं, म्हणून."

तिसऱ्या वर्षी तिथे बटाटे आले. समुद्राच्या खताचे बटाटे, उकडले की सालं आपोआप फुटायची. वीस-बावीस वर्षं तिने ती साठ पावलांची जमीन पोसली. मॉसीला दर सप्टेंबरात एक पोतं जायचं. तो बदल्यात जळाऊ लाकडं द्यायचा आणि दोघं एकमेकांचे आभार मानायचं टाळायची.

मग एका वसंतात कौन्सिलचा तरुण माणूस नकाशा घेऊन आला. जुन्या रुळांच्या जागेवरून सायकलवाट होणार होती, शहरापासून शहरापर्यंत, पूल आणि बोगद्यासकट. माणूस सौम्य होता. चहा घेतला, दोनदा पाव मागून घेतला, आणि शेवटी चाचरत म्हणाला, "मिस टोबिन, ही पट्टी तशी तुमच्या मालकीची नाहीये."

"ठाऊक आहे मला. पण बटाटे माझे आहेत."

"हो, ते आहेतच."

"मग ते निघेपर्यंत थांबा."

आणि ते थांबले. दोन्ही बाजूंनी डांबर येत येत ईटाच्या बटाट्यांपाशी अडलं. सगळा उन्हाळा तसंच राहिलं. गावात त्याचा बभ्रा झाला. दुकानात लोक म्हणायचे, ईटाच्या बटाट्यांनी अख्खा जिल्हा अडवलाय. काही जण हसून म्हणत, काही न हसता. सायकलवाल्या पाहुण्यांसाठी भाड्याच्या खोल्या काढलेल्या दोन बायकांनी चर्चच्या दारात तिच्याशी बोलणं सोडलं. सप्टेंबरात तिने शेवटची सरी उकरली, पोती आत घेतली आणि स्वतःच कौन्सिलला फोन करून सांगितलं, "झाले माझे बटाटे." दोन दिवसांनी यंत्र आलं. वीस वर्षांची माती एका सकाळीत गेली. ईटा त्या वेळी हॉटेलातून निवृत्त झाली होती, त्यामुळे ते घरात बसून ऐकावं लागलं.

वाट सुरू झाली आणि माणसांचा पूर लोटला. शनिवार-रविवारी तर दारावरून क्षणाची उसंत नसे. बाप, आई, मुलं. पुढे टोपलीत कुत्रा. मागे जोडलेल्या छोट्या गाड्यांत झोपलेली बाळं. चिमुरड्या सायकलींवर पाय गरागरा फिरवणारी पोरं आणि त्यांच्यामागून "डावीकडे राहा, डावीकडे" असं ओरडणाऱ्या आया. ईटाच्या कुंपणाला फुशियाची लाल फुलं लगडलेली असत. लोक वेग कमी करून म्हणत, किती गोड घर आहे. फोटो काढत. आणि जात. पहिल्या उन्हाळ्यात ईटाने एकदा बसल्या बसल्या मोजलं, तर दुपारी दोन ते चारमध्ये तीनशे बारा माणसं गेली होती. तिच्याशी बोललेला एकही नव्हता. मालगाडी बंद झाल्यावर पस्तीस वर्षं रुळांच्या त्या जागेवरून कुणी गेलं नव्हतं, तेव्हा तिला असं एकटं कधी वाटलं नव्हतं. आता संध्याकाळी वाट रिकामी झाली की तिला घरात कुठे बसावं तेच सुचेना. ती खुर्ची हलवून चुलीपाशी न्यायची, मग पुन्हा खिडकीशी आणायची.

दुसऱ्या वर्षीच्या एप्रिलातली गोष्ट. शनिवार होता. ईटा कपडे वाळत घालत होती. शहराकडून येणारी वाट तिच्या घरापर्यंत खिंडीतून येते, तिथे वारा लागत नाही. खिंड संपली की खाडीवरचा वारा एकदम तोंडावर येतो. पाच वर्षांची एक मुलगी पिवळ्या सायकलवरून खिंडीबाहेर आली, तो वारा तिने खाल्ला, चार पावलं झगडली, आणि सायकल आडवी टाकून थेट ईटाच्या दारात बसली.

"मी आता मेले तरी जाणार नाही."

मागून तिची आई आली. सायकलच्या मागच्या खुर्चीत दोन वर्षांचा मुलगा मान टाकून झोपलेला. "ऊना, ऊठ. लोकांच्या दारात असं बसतात का?" मग ईटाकडे बघून, "माफ करा हं."

"बसू दे," ईटा म्हणाली. "या दारात भल्याभल्यांना थांबावं लागलंय."

मुलीने वर पाहिलं. "तुझं घर रस्त्यात का आहे?"

"रस्ताच माझ्या घरात आलाय."

मुलीला ते पटलं असावं. तिने हेल्मेट काढलं. ईटाने दूध आणि सोड्याचा पाव आणला, वर लोणी आणि ब्लॅकबेरीचा जॅम. मुलीने तीन तुकडे खाल्ले. तिची आई भिंतीला टेकून उभी राहिली, मग बसली, आणि चहाचा कप हातात आल्यावर तिने इतका मोठा सुस्कारा टाकला की ईटाला हसू आलं.

तिचं नाव ग्रॉन्या. गॉलवेकडची. नवरा काहल ट्रक घेऊन जहाजाने फ्रान्स-स्पेनला जायचा, शनिवार-रविवार बहुतेक तिकडेच. वर्षापूर्वी ते डंगार्वनला नव्या वसाहतीत भाड्याने राहायला आले होते. "शेजारच्या बाईला मी अजून नावाने ओळखत नाही," ग्रॉन्या म्हणाली. "आठवडाभर काही वाटत नाही हो, काम असतं. पण शनिवार उजाडला की घर खायला उठतं. मग या दोघांना घालते सायकलवर आणि निघते. जिथे ही रडेल तिथून परत."

"आज इथे रडली."

"आज इथे."

पुढच्या शनिवारी ऊना रडली नाही. खिंडीतून बाहेर आली ती सरळ दारात येऊन उतरली आणि म्हणाली, "ईटा, पाव आहे का?"

त्या उन्हाळ्यात एकोणीस शनिवार ते आले. ईटा शुक्रवारी संध्याकाळी पीठ काढून ठेवायची. तिने दुकानातून हवा भरायचा पंप आणला, पंक्चरची डबी आणली. धाकट्या टाइगसाठी मागच्या अंगणात शिंपल्यांनी भरलेली बादली ठेवली. तो त्या शिंपल्या एकेक करून बाहेर काढायचा आणि एकेक करून परत भरायचा, त्यात त्याचा तास जायचा. ग्रॉन्या बोलायची. नवऱ्याशी फोनवर काय झालं, आईशी काय झालं, कामावर कोण काय म्हणालं. ईटा ऐकायची आणि फार थोडं सांगायची. तिला सांगायची सवय राहिली नव्हती. एकदा मात्र ग्रॉन्याने विचारलं, "तुम्ही लग्न नाही केलंत?" तेव्हा ईटा म्हणाली, "एकाने विचारलं होतं. आईला विचारून सांगते म्हटलं. आईला विचारायला चार महिने लागले, तोवर त्याने दुसरीला विचारलं." दोघी हसल्या. ही गोष्ट ईटाने आयुष्यात पहिल्यांदा कुणाला सांगितली होती, हे ग्रॉन्याला कळायचं कारण नव्हतं.

मॉसीच्या नजरेतून काही सुटत नसे. "शनिवारी केस विंचरतेस हल्ली."

"तूही विंचरून बघ एकदा. गाई ओळखणार नाहीत तुला."

ऑगस्टात ऊनाने जाहीर केलं की तिच्या वर्गातल्या एका मुलाने आधाराची चाकं काढली आहेत. तिला ती आता नको होती. पण चाकं काढली की ती पडायची, आणि पडली की आईवर चिडायची. टाइगला खुर्चीत बांधून ग्रॉन्याला तिच्यामागे धावता येत नव्हतं.

"मी धावते," ईटा म्हणाली.

ती सदुसष्ट वर्षांची होती. बापाच्या हत्यारांच्या पेटीतून तिने पाना काढला, घट्ट नट तेल टाकून सैल केले आणि दोन्ही छोटी चाकं भिंतीवर ठेवली. तिच्या दारापुढची ती साठ पावलं वाटेवरची सर्वांत सपाट जागा होती. तिथेच ऊनाला बसवलं, सीटच्या मागच्या बाजूला मूठ घट्ट धरली आणि धावायला लागली.

"सोडू नकोस हं, ईटा."

"नाही सोडत. पुढे बघ. चाकाकडे बघू नकोस, पुढे बघ."

तीन शनिवार असं चाललं; घरी जाताना चाकं पुन्हा लावायची. येणाऱ्या-जाणाऱ्या सायकली कडेने जायच्या, कुणी टाळ्या वाजवायचं. ईटाच्या छातीत कळ यायची, मग ती भिंतीला धरून उभी राहायची, पुन्हा धावायची. तिसऱ्या शनिवारी तिने मूठ सोडली. ऊना गेली. कुंपणाच्या टोकापर्यंत गेली, वळली, डगमगली, आणि परत आली. तिचं तोंड उघडं होतं आणि त्यातून आवाज येत नव्हता.

ग्रॉन्याने ते सगळं फोनवर टिपलं होतं. तिने दाखवलं. ईटाने पाहिलं, की एप्रन बांधलेली, केस सुटलेली एक म्हातारी हात पुढे करून सायकलमागे धावते आहे, आणि सायकल तिच्या हातातून निसटून लांब जाते आहे. "ही मी?" तिने विचारलं. स्वतःला चालता-बोलताना तिने कधी पाहिलंच नव्हतं. ग्रॉन्याचे डोळे भरले होते. ती म्हणाली, "काहल इथे असायला हवा होता." मग तिने तो तुकडा त्याला पाठवला.

ऑक्टोबरच्या दुसऱ्या शनिवारी वादळ आलं आणि त्यानंतर ते आले नाहीत. हिवाळ्यात लहान मुलांना घेऊन त्या वाटेवर कुणीच येत नाही. नाताळात ऊनाच्या हातचं चित्र टपालाने आलं, घर आणि घरापुढे जाड काळी रेघ. ईटाने ते चुलीवरच्या फळीवर उभं केलं. जानेवारी गेला, फेब्रुवारी गेला. ईटा मनात हिशोब करायची, की मार्चात दिवस मोठा होतो, एप्रिलात पहिला शनिवार सहा तारखेला येतो.

सहा तारखेला ऊन पडलं. तिने दोन पाव भाजले. अकराच्या सुमारास खिंडीत घंटी वाजली. ईटा एप्रनला हात पुसत दारात आली. ऊना नव्या सायकलवर होती, मोठ्या, गिअरवाल्या, हिरव्या. वाऱ्यात ती खाली वाकली आणि जोर लावला.

"ईटा, बघ!"

आणि ती पुढे गेली. मागून ग्रॉन्या, तिच्या खुर्चीत टाइग, आता जागा. "येताना थांबतो हं," ग्रॉन्या जाता जाता ओरडली. "ही आता ऐकत नाही कुणाचं." आणि वळणावरून तीही दिसेनाशी झाली.

ईटाने चहाची किटली चुलीच्या कडेला सरकवून ठेवली. पावावर फडकं टाकलं. संध्याकाळी सहापर्यंत तिने खिंडीकडे पाठ आणि ते परत येतील त्या पुलाकडे तोंड करून कपडे वाळत घातले, काढले, कुंपण छाटलं. परतीच्या सायकली एकेक करून गेल्या. त्यांच्यात ती तिघं नव्हती.

त्याचं कारण तिला पुढच्या शनिवारी कळलं. त्या दिवशी ग्रॉन्या चार मिनिटं थांबली, एक पाय जमिनीवर, एक पेडलवर. काहलने लांबच्या फेऱ्या सोडल्या होत्या. आता तो शहरातच एका गोदामात होता, शनिवार-रविवार घरी. तो मोटार घेऊन बोगद्यापलीकडच्या जुन्या स्टेशनवर जायचा, तिथल्या चहाघरात सगळे भेटायचे आणि सायकली मोटारीवर टाकून घरी जायचे. "ऊनाला तेवढं अंतर आता काहीच वाटत नाही. तुम्हीच केलंत हे," ग्रॉन्या म्हणाली आणि तिने ईटाचा हात दाबला. पुढे ऊना अस्वस्थ होऊन घंटी वाजवत होती.

मग शनिवारचा नियम ठरून गेला. अकराला घंटी, हात हलवणं, "ईटा", आणि पाठमोऱ्या सायकली. मे महिन्यात दोनदा पाऊस पडला, तेव्हा तेही नाही. ईटाने पाव करायचं थांबवलं नाही. तो ती मॉसीला द्यायची.

"पोरीची चाकं कुणी काढली?" मॉसी पाव चावत म्हणाला.

"मी."

"वासराच्या गळ्यातली दोरी काढायची आणि मग गोठ्यात वाट बघत बसायची. तू गाई पाळल्या असत्यास तर कळलं असतं."

"तू पाळल्यास ना चाळीस. तुझ्याकडे कोण येऊन बसतं?"

मॉसीने कोपरं कुंपणावरून काढली. पाव मात्र सगळा घेऊन गेला.

जूनच्या एका शनिवारी घंटी वाजून गेली, आणि ईटा दारात उभी असतानाच तिच्या मनात आलं, की रस्ता तर इथूनच जातो. तिने पडवीतून आपली काळी सायकल काढली. ती सायकल शेवटची चालवली त्याला बारा वर्षं झाली होती. नोकरीच्या अखेरीस हॉटेलातली एक बाई तिला मोटारीने न्यायची. तिने हवा भरली, साखळीला तेल दिलं, एप्रन काढून रविवारचा कोट घातला, आणि निघाली.

पहिला मैल बरा गेला. मग चढ लागला. मांड्या थरथरायला लागल्या. तिला ओलांडून कुटुंबंच्या कुटुंबं जात होती. सहा-सात वर्षांची पोरं शिट्ट्या वाजवत पुढे निघून जायची. एक बाप जाता जाता म्हणाला, "छान चाललंय हं, आजी." तिला ते बोचलं आणि त्या रागावर तिने अर्धा मैल काढला. कमानींचा उंच पूल तिने खाली मान घालून पार केला, कारण थांबलं तर पुन्हा चढता येणार नाही अशी भीती होती. बोगद्यात अंधार होता, वरून पाणी ठिबकत होतं, भिंतींना नेचे चिकटलेले. आत मुलं मुद्दाम हाका मारून प्रतिध्वनी ऐकत होती. ती उतरली आणि सायकल हाताने ढकलत, भिंतीच्या कडेने, त्या आवाजांमधून चालत गेली.

स्टेशनवर पोचायला तिला दोन तास लागले.

चहाघराबाहेर लाकडी मेजं मांडलेली होती. तिला ते लांबूनच दिसले. ग्रॉन्या, ऊना, टाइग, आणि दाढीवाला एक धिप्पाड माणूस. शेजारी आणखी एक जोडपं, त्यांची दोन मुलं. सगळे कशावर तरी हसत होते. टाइग त्या माणसाच्या मांडीवर उभा राहून त्याचे कान ओढत होता. ग्रॉन्याचे केस मोकळे होते. वर्षभरापूर्वी भिंतीला टेकून तसा सुस्कारा टाकणारी बाई ती हीच, हे एखाद्याला सांगूनही खरं वाटलं नसतं.

ईटाला वाटलं, परत फिरावं. पण घसा कोरडा पडला होता आणि पाय चालत नव्हते. ती सायकल घेऊन मेजापाशी गेली.

"अगोबाई, ईटा," ग्रॉन्या उठून उभी राहिली. तिला खरंच आनंद झाला होता, आणि त्याचबरोबर तिचा चेहरा लाल झाला. "इतक्या लांब सायकलवर? काहल, या ईटा. मी सांगितलं नव्हतं का, त्या फाटकाच्या घरातल्या."

"अच्छा, त्या पाववाल्या," काहल म्हणाला आणि त्याने प्रेमाने तिचा हात हातात घेतला. "बसा, बसा. ऊना, खुर्ची आण."

ऊनाने खुर्ची आणली. "तुला सायकल येते?" तिने विचारलं. "मग तू माझ्यामागे पायी का धावायचीस?" उत्तरासाठी ती थांबली नाही. शेजारच्या मुलीने हाक मारली आणि दोघी फलाटाच्या टोकाकडे पळाल्या.

ईटाने चहा घेतला. शेजारच्या जोडप्याने तिला हवापाण्याचं विचारलं. काहलने गोदामाबद्दल सांगितलं, टाइगला तिने चमच्याने चहातलं बिस्किट भरवलं, आणि टाइगने तिच्याकडे अनोळखी नजरेने पाहत ते खाल्लं. ग्रॉन्या मधूनमधून तिच्याकडे बघून हसायची, पण सगळ्यांसमोर दोघींना बोलायला काही सापडेना. भिंतीपाशी जे बोलणं व्हायचं, ते इथे काढण्यासारखं नव्हतं. पंधरा मिनिटांनी ईटा उठली.

"तुमची सायकल टाकतो ना मोटारीवर," काहल म्हणाला. "दारात सोडतो."

"नको. कोंबड्या आहेत मागे," ती म्हणाली, जणू कोंबड्यांमुळे सायकलनेच जावं लागतं. कोंबड्या तर तिच्याकडे नव्हत्याच.

परतीला उतार होता. बोगदा या वेळी रिकामा होता आणि त्यात तिच्या चाकांचा आवाज तेवढा चालला होता. पुलावर आल्यावर ती उतरली. जन्मापासून तिने हा पूल ऐकला होता. गाडी पुलावर आली की आवाज बदलायचा, पोकळ व्हायचा, आणि आई म्हणायची, "चल, फाटक." पण त्या पुलावर ती कधी उभी राहिली नव्हती. गाडीत बसून कुठे जायची वेळच आली नव्हती तिच्यावर. आता तिने कठड्यावरून खाली पाहिलं. खूप खोल ओढा होता, झाडांचे शेंडे पायाखाली होते, आणि उजवीकडे झाडांच्या फटीतून समुद्राचा एक राखाडी तुकडा. तिने कोटाच्या खिशातला पाव काढला. निघताना ऊनासाठी घेतला होता आणि तिथे मेजावर केक असल्यामुळे काढला नव्हता. तो तिने उभ्याउभ्याच खाल्ला. मग थोडा वेळ रडली. आई गेली तेव्हा ती अशी रडली नव्हती. कुणी सायकलवाले आले तसं तिने नाक पुसलं आणि बुटाची नाडी बांधायला वाकली.

घरी पोचली तेव्हा मॉसी तिच्या दारात उभा होता.

"कुठे होतीस? दार उघडं, चूल विझलेली. मला वाटलं मेलीस."

"स्टेशनवर गेले होते."

"सायकलने?" त्याने तिच्या पायांकडे पाहिलं. "एकटी?"

"मग काय तुझ्या गाई घेऊन जाऊ?"

 मग आत जाऊन मॉसीने चूल पेटवून दिली, आणि निघून गेला. दुसऱ्या दिवशी चर्चमध्ये ईटाला गुडघे टेकता आले नाहीत. ती बसूनच राहिली, आणि पूर्वी बोलणं सोडलेल्या बायकांपैकी एकीने वाकून विचारलं, की बरं नाही का. ईटा म्हणाली, स्टेशनपर्यंत सायकल मारली काल. बाईने भुवया उंचावल्या आणि थोडं सरकून तिला टेकायला जागा करून दिली.

ऑगस्टच्या शेवटी एका संध्याकाळी रस्त्याच्या बाजूला मोटार थांबली. ग्रॉन्या एकटीच उतरली. ते गॉलवेला परत चालले होते, काहलच्या आईजवळ. मुलं मागच्या सीटवर झोपली होती, दिवसभर सामान बांधून दमलेली. "उठवते ऊनाला," ग्रॉन्या म्हणाली.

"झोपू दे."

ग्रॉन्याने तिला मिठी मारली. बराच वेळ सोडली नाही. "त्या वर्षी तुम्ही नसतात तर..." ती म्हणाली. "मी आभार मानायला हवे होते. मला वाटलं होतं, कधीतरी निवांत येऊन बसेन. मग काहल घरी आला, आणि..."

"घरी आला ते बरं झालं," ईटा म्हणाली. ते तिने मनापासून म्हटलं होतं.

मोटारीच्या काचेतून तिला ऊनाचा एक पाय दिसला, गुडघ्यावर वाळलेली खपली. तेवढंच. मोटार गेली.

त्यानंतर पत्रं दोन आली. तिसऱ्याची ईटाने वाट पाहिली नाही. शनिवारी ती दार लावून घेते, कारण त्या दिवशी वाटेवर पाय ठेवायला जागा नसते. मंगळवारी मात्र वाट मोकळी असते. मंगळवारी जेवण झालं की ती काळी सायकल काढते आणि पुलापर्यंत जाते, अंगात असेल तर बोगद्यापर्यंत. मॉसीने दोनदा विचारलं, की तिथे आहे तरी काय. ती म्हणाली, काही नाही. पुलावर ती दहा-पंधरा मिनिटं थांबते. शाळा चालू असतात, त्यामुळे मुलं नसतात. कधी एखादा म्हातारा जर्मन पाठीवर पिशवी घेऊन जातो, मान लववतो. ती मान लववते. मग वारा पाठीशी घेऊन ती घरी येते आणि दिवा लावते.